चांगला खटका का काढला बुवा?

कानसेन
मंडळी, थोडं रडगाणं आहे, चालवून घ्या.
माझ्याकडे अकरा वर्षं आवाज रेकॉर्ड करायचं एक छोटं यंत्र होतं. काडेपेटीपेक्षा जरा लांब. डाव्या कडेला एक सरकता खटका. अंगठ्याने वर सरकवला की रेकॉर्डिंग सुरू, खाली ओढला की बंद आणि जतनही. यंत्र झोपलेलं असलं तरी खटका वर केला की खडबडून जागं व्हायचं आणि थेट कामाला लागायचं. मी मुलाखती घेऊन त्यांचं शब्दांकन करतो. समोरचा माणूस खरं बोलायला लागतो तो नेमका चहा पिताना किंवा निघताना चपला घालताना. अशा वेळी खिशात हात घातला की काम झालं. (तसं करू का, हे आधीच विचारून ठेवलेलं असतं. नीतिमत्तेवर वेगळा धागा नको.) खटका वर आहे की खाली, हे बोटाला कळायचं, बघावं लागायचं नाही.
ते यंत्र बाद झालं म्हणून त्याच कंपनीचं, त्याच मालिकेतलं नवं मॉडेल घेतलं. चकचकीत, पातळ, हातातून सटकणारं. आता आधी कडेचं बटण दाबून धरायचं. मग कंपनीचं चिन्ह उगवून मावळेपर्यंत थांबायचं. मग पडदा सरकवायचा, मग 'मीटिंग', 'संगीत' की 'टिपण' ते निवडायचं आणि मग लाल गोळा दाबायचा. थांबवलं की विचारतं, 'जतन करायचं का?' अरे बाबा, मग इतका वेळ काय गंमत चालली होती? घामट बोट लागून दोनदा 'नाही' दाबलं गेलंय. बॅटरी आत सीलबंद.
आवाज मात्र जुन्याहून खूपच स्वच्छ येतो, ते नाकारत नाही.
प्रश्न एवढाच: पहिलं मॉडेल बनवणारे अडाणी नव्हते. मग एकदा बरोबर जमलेली गोष्ट तीच कंपनी स्वतःच्या हाताने का बिघडवते?

चहाटळ
खटका काढायचा की ठेवायचा यावरून दोन इंजिनिअरांत खटका उडाला असणार. जो जिंकला त्याच्याकडे स्वतःचा रेकॉर्डर नव्हता.

मेणबत्ती
कानसेन, तुमचं दुःख मोठं आहे, पण माझ्या टॉर्चचं ऐका. जुन्या टॉर्चला एक बटण होतं. दाबलं की उजेड, पुन्हा दाबलं की अंधार. नव्यालाही एकच बटण आहे. दाबलं की प्रखर, मग मध्यम, मग मंद, मग डोळे दिपवणारी लुकलुक, मग 'वाचवा वाचवा' असा एसओएस, आणि त्यानंतर अंधार. म्हणजे रात्री पाणी प्यायला उठलं की टॉर्च बंद करण्यासाठी रोज आधी बुडत्या जहाजाचा संदेश पाठवावा लागतो. घरातले आता दचकतही नाहीत.

चहाटळ
हसून हसून पुरेवाट. एक दिवस खरंच तटरक्षक दल दारात उभं राहील.

उलटतपासणी
जरा थंड पाणी ओततो. जुन्या भिकार वस्तू आपल्याला आठवत नाहीत, कारण त्या कधीच भंगारात गेल्या. जे टिकलं तेच कपाटात आहे आणि त्याच्याशी आपण आजचा सगळा बाजार तोलतो. १९९९ ते २००७ या काळात कॉम्प्युटरच्या मदरबोर्डांवरचे कपॅसिटर फुगून फुटायची साथच आली होती, कारण आतलं रसायनच सदोष होतं. त्या काळातला फुटका मदरबोर्ड कुणी प्रेमाने जपून ठेवलाय का? शिवाय तुम्हीच म्हणता की आवाज सुधारला. मग बिघडलं ते यंत्र की तुमची सवय?

कानसेन
मुद्दा मान्य, पण मी जुना बाजार आणि नवा बाजार अशी तुलना करतच नाहीये. एकच कंपनी, एकच मालिका, एकच काम. आणि सवयीचं म्हणाल तर चार महिने झाले. खटका मला पहिल्याच दिवशी जमला होता.

पाठकोरा
उलटतपासणी यांना याच प्रकारची काही उदाहरणं देतो, मालिका तीच ठेवून.
ॲपलच्या आयपॉड शफल या गाणी ऐकायच्या चिमुकल्या यंत्राच्या तिसऱ्या पिढीत, २००९ मध्ये, अंगावरची गाण्यांची सगळी बटणं गेली आणि इयरफोनच्या वायरीवर आली. म्हणजे साधे दुसरे इयरफोन लावले तर गाणं पुढे ढकलायची सोय नाही. २०१० च्या चौथ्या पिढीत बटणं मुकाट्याने परत. त्यांच्याच मॅकबुक प्रो लॅपटॉपमधून २०१६ मध्ये चुंबकी चार्जर, टीव्ही जोडायची एचडीएमआय खाच आणि कार्डाची खाच गेली, आणि २०२१ च्या १४ व १६ इंची मॉडेलांत तिन्ही परत आली. २०१५ मध्ये आलेला फुलपाखरू कीबोर्ड धुळीच्या कणाने अडायचा. २०१९ पासून त्यांनी पुन्हा जुन्या धाटणीच्या कळा आणल्या.
लेनोवोच्या थिंकपॅड लॅपटॉपचा सात ओळींचा कीबोर्ड २०१२ मध्ये सहा ओळींचा झाला. मग २०१७ मध्ये पंचविशीनिमित्त एक खास मॉडेल काढलं. त्याचं मुख्य आकर्षण काय, तर सात ओळींचा कीबोर्ड! आधी काढून घ्यायचं आणि मग वाढदिवसाची भेट म्हणून परत द्यायचं.
परत आणलं याचा अर्थ चूक झाली होती. सवयीचा प्रश्न असता तर लोक रुळले असते.

खडूस_काका
२००५ नंतर बनलेली कोणतीही वस्तू विकत घेऊ नये. इति.

मेणबत्ती
काका, हा प्रतिसाद कशावरून टाइप केलात?

खडूस_काका
नातवाच्या फोनवरून. तो माझा नाही.

फ्यूज_उडाला
तुम्ही सगळे फार भोळे आहात. हे मुद्दाम केलं जातं. फीबस कार्टेल वाचा. बल्ब बनवणाऱ्या बड्या कंपन्यांनी १९२४ मध्ये एकत्र येऊन बल्बचं आयुष्य १,००० तासांवर आणलं. त्याआधी १,५०० ते २,००० तास चालणारे बल्ब सर्रास मिळायचे. जास्त टिकणारा बल्ब बनवला की त्या कंपनीला दंड! शंभर वर्षांपूर्वी हे चालत होतं तर आज काय चालत असेल?

उलटतपासणी
कार्टेल होतं, दंडही होता, वाद नाही. पण निम्मीच गोष्ट सांगू नका. तापदिव्याची तार जितकी कमी तापवाल तितकी ती जास्त टिकते, पण उजेड पिवळट पडतो आणि तेवढ्याच विजेत कमी मिळतो. ब्रिटनच्या मक्तेदारी आयोगाने १९५१ च्या अहवालात १,००० तास ही तडजोड अवाजवी नाही असंच म्हटलं होतं.
आणि कानसेन यांचं यंत्र लवकर मेलं अशी तक्रारच नाहीये. अकरा वर्षं चाललं! तक्रार आहे ती वापरायला त्रासदायक झाल्याची. त्रास देऊन कंपनीला काय मिळणार?

फ्यूज_उडाला
सीलबंद बॅटरीचं काय मग? ती कुणाच्या सोयीची?

स्क्रू_पिळे
माझं काम दुरुस्तीचं. दोन्ही बाजू थोड्या खऱ्या आहेत.
आमच्याकडे येणाऱ्या वस्तूंमध्ये कटकारस्थान क्वचित दिसतं, काटकसर मात्र रोज. वॉशिंग मशीन घ्या. पूर्वी ड्रमभोवतीची टाकी दोन अर्ध्यांची असायची, कडेने बोल्ट. बेअरिंग वाजायला लागलं की बोल्ट सोडायचे, टाकी उघडायची, बेअरिंग बदलायचं. आता अनेक मशीनांत दोन्ही अर्धे वितळवून एकमेकांना चिकटवलेले असतात. बेअरिंग मुठीएवढं, पण त्यासाठी अख्खी टाकी बदला म्हणतात. कारखान्यात बघितलं तर वीस-पंचवीस बोल्ट वाचले, ते आवळणारा माणूस वाचला, गळती कमी झाली. गळती कमी झाली हे खरंच आहे, बरं का. फक्त दुरुस्तीचा खर्च कंपनीच्या वहीत दिसत नाही, तो तुमच्या वहीत दिसतो.
अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर अर्ल मुंट्झ नावाचा टीव्हीवाला होता. त्याच्याबद्दल सांगतात की तो खिशात कटर घेऊन फिरायचा. इंजिनिअरचा नवा टीव्ही चालू असताना एकेक सुटा भाग कचाकच कापत जायचा. चित्र गेलं की म्हणायचा, हा शेवटचा तेवढा परत लाव. बाकीचे गेले ते गेले. त्याचे टीव्ही स्वस्त होते आणि धडाक्याने खपले. पण ते चालायचे प्रक्षेपण मनोऱ्याच्या जवळपास, जिथे सिग्नल दणदणीत आहे तिथेच. कापलेले भाग बिनकामाचे नव्हते. त्यांचं काम लांब राहणाऱ्यांना पडलं असतं.
कानसेन यांचा खटका असाच कापला गेला असणार. टेबलावर ठेवून बघितलं तर रेकॉर्डर त्याच्याशिवाय चालतोच की.

पाठकोरा
वा! वाचनखूण साठवली.

दुसरा_मजला
मी वस्तूंचं डिझाइन करणाऱ्या एका कंपनीत बारा वर्षं होतो, म्हणून आतली बाजू सांगतो. (रेकॉर्डर नाही, पण बटणं पुष्कळ काढली आहेत. पापक्षालन समजा.)
बाहेरच्यांना वाटतं की कुणीतरी बैठकीत म्हणतं, 'चला, खटका काढू.' तसं कधी होत नाही. एक जण म्हणतो, खटक्याच्या फटीतून पाणी जातं. बरोबर. दुसरा म्हणतो, सरकणारा भाग झिजतो, वॉरंटीत परत येणाऱ्या मालात त्याचा वाटा आहे. हेही बरोबर. तिसरा म्हणतो, पडदा दिलाच आहे तर बटणाचं काम पडद्यावर करा, साच्यात एक भोक कमी. चौथा म्हणतो, भाषा आणि सोयी नंतर सॉफ्टवेअरने बदलता येतील. पाचवा विक्रीचा असतो. तो दुकानातल्या फळीवर आमचं खोकं दुसऱ्यांच्या खोक्याशेजारी ठेवून बघतो आणि म्हणतो, त्यांच्यावर सोळा सोयी छापल्यात, आपल्यावर नऊ. पाचही जण शहाणे आणि पाचही बरोबर. खोलीत सहावा कुणी नसतो, ज्याने ते यंत्र अकरा वर्षं खिशात बाळगलंय.
आणखी एक गोष्ट. जुन्या मॉडेलची माणसं तोवर दुसरीकडे गेलेली असतात. आराखडे उरतात, पण त्यावर 'खटका ८ मिलिमीटर, उंची १.२' एवढंच लिहिलेलं असतं. तो बघायला न लागावा म्हणून ठेवलाय, हे कुठेच लिहिलेलं नसतं, कारण तेव्हा ते सगळ्यांना ठाऊक होतं. नवा माणूस आकडे वाचतो, कारण त्याला सापडत नाही.
आणि 'यंदा आम्ही काहीही बदललं नाही' असं सांगून कुणाला बढती मिळाल्याचं मी बारा वर्षांत पाहिलं नाही.

चहाटळ
शेवटचं वाक्य आमच्या ऑफिसच्या भिंतीवर लावतो. मग मला बढती मिळेल.

निळावंती
दुसरा_मजला, 'बघायला न लागणं' यावर गाड्यांचं उदाहरण चपखल आहे. स्वीडनच्या 'वी बिलागारे' नावाच्या मासिकाने २०२२ मध्ये एक चाचणी घेतली. ताशी ११० किलोमीटर वेगाने गाडी चालवताना चार साधी कामं करायची: सीट गरम करणं, रेडिओचं स्टेशन बदलणं, असली. चालकांना आधी गाडी नीट समजून घ्यायला वेळ दिला होता. बटणांची २००५ ची व्होल्वो १० सेकंदांत मोकळी, तेवढ्यात ३०६ मीटर अंतर गेलं. पडदेवाल्या गाड्यांतली सगळ्यात मागे पडली तिला जवळजवळ ४५ सेकंद, म्हणजे १,३७२ मीटर. सव्वा किलोमीटरहून जास्त अंतर अर्धं लक्ष पडद्यावर.
आता युरो एनसीएपी या सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेच्या २०२६ च्या नियमांत वळायचे इंडिकेटर, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि आणीबाणीची हाक यांना खरीखुरी बटणं-दांड्या नसतील तर पूर्ण तारे मिळणं कठीण केलंय. हॉर्न शोधायला लागू नये हे नियमात लिहायची वेळ आली!

उलटतपासणी
हे पटलं. गाडीच्या बाबतीत माझी माघार.

निळावंती
जहाजाच्या बाबतीतही घ्या. अमेरिकी नौदलाच्या 'जॉन एस. मॅकेन'ची २०१७ मध्ये सिंगापूरजवळ एका तेलवाहू जहाजाशी टक्कर झाली, १० नौसैनिक गेले. अपुरं प्रशिक्षण आणि थकवा ही कारणं होतीच. पण सुकाणू आणि वेग यांचं नियंत्रण टचस्क्रीनवर होतं, आणि जहाज ढकलणारा कोणता पंखा कोणत्या खुर्चीवरून चालतोय याचा गोंधळ झाला, हेही चौकशीत आलं. २०१९ मध्ये नौदलाने वेगासाठी पुन्हा हाताने ढकलायच्या दांड्या बसवायचं ठरवलं. दांडी कुठवर ढकललीय हे शेजारी उभ्या माणसालाही दिसतं. पडद्यावरचा आकडा ज्याच्यासमोर आहे त्यालाच.

मेणबत्ती
आणि मी इथे टॉर्चचं रडत बसलेय.

सावली
बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मला खूप कमी दिसतं, जवळजवळ नाहीच.
तुमच्यासाठी खटका ही सोय होती, माझ्यासाठी ते यंत्र वापरता येणं किंवा न येणं. सपाट काचेच्या ओव्हनवर मी फुगीर ठिपक्यांचे स्टिकर लावून घेतलेत: 'सुरू'वर एक, '३० सेकंद'वर दोन. पण चाचपडताना बोट लागलं की स्पर्शालाच दाबणं समजून ते सुरू होतं. खरं बटण चाचपता येतं, कारण हात लावणं वेगळं आणि दाबणं वेगळं. सपाट काचेने हा फरकच पुसून टाकलाय.
पण टचस्क्रीनला सरसकट शिव्या घालू नका. २००९ मध्ये आयफोनच्या ३जीएस मॉडेलमध्ये व्हॉइसओव्हर आलं आणि पडद्यावरचं सगळं बोलून दाखवायला लागलं. तिथे बोट फिरवलं तर नुसतं ऐकू येतं, काम होतं ते दोनदा टकटक केल्यावर. म्हणजे चाचपणं आणि दाबणं पुन्हा वेगळं केलंय, काचेवरच! हा प्रतिसाद मी तसाच लिहितेय. ज्यांना करायचं होतं त्यांनी केलं. ओव्हनवाल्यांना सुचलं नाही, इतकंच.

दुसरा_मजला
सावलीताई, हात लावणं आणि दाबणं यातला फरक बारा वर्षांत आमच्या कुठल्याही बैठकीत कुणी इतका सरळ मांडला नव्हता. मीही नाही.

खडूस_काका
सावली यांच्यासाठी माझा नियम शिथिल. ३जीएस चालेल.

पाठकोरा
उलटं उदाहरणही असू द्या, नाहीतर धाग्याचा शोकसभेकडे कल जाईल. एचपीचं १२सी हे वित्तीय कॅल्क्युलेटर १९८१ मध्ये आलं आणि अजून मिळतं. आडवं, खिशात मावणारं, तेच रूप, कळांची तीच मांडणी. आतली चिप मात्र अनेकदा बदललीय. आताची पूर्वीपेक्षा कितीतरी पटीने वेगवान आहे आणि जुन्या चिपचं सोंग आणते. आत काहीही करा, बोटांना कळू देऊ नका! कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू घड्याळही १९८९ पासून जवळपास तसंच आहे.

उलटतपासणी
याचं कारण साधं आहे. १२सी वापरणारा माणूस पैशांची आकडेमोड डोळे मिटून करत असतो. कळ हलली तर चूक होते, आणि ती चूक महागात जाते. तिथे 'बदलू नका' म्हणणारं गिऱ्हाईक आहे आणि ते पुन्हा पुन्हा तेच विकत घेतं. रेकॉर्डर अकरा वर्षांत एकदा घेणाऱ्या कानसेनांचं कोण ऐकणार?

स्क्रू_पिळे
कानसेन, एक राहिलं. जुनं यंत्र 'बाद झालं' म्हणजे नेमकं काय झालं? इथे सगळे तत्त्वज्ञानात शिरले, पण पेशंट कुणी तपासलाच नाही.

कानसेन
हा प्रश्न येऊ नये असं वाटत होतं.
झालं असं की बॅटरीच्या झाकणाचा प्लास्टिकचा चिमटा तुटला. झाकण राहत नाही, सेल निसटतो, यंत्र बंद पडतं. बाकी ठणठणीत आहे. हा चिमटा पहिल्यापासूनच नाजूक होता. पहिला तिसऱ्याच वर्षी तुटला, तेव्हा कंपनीने झाकण बदलून दिलं होतं.
आणि आता कबुली. तेव्हा मी कंपनीला एक खरमरीत पत्र लिहिलं होतं. दोन पानी. झाकण किती भिकार आहे, इतक्या चांगल्या यंत्राला असलं दार कसं लावलंत, वगैरे. काल रात्री जुन्या मेलमध्ये शोधून वाचलं. अख्ख्या पत्रात खटक्याबद्दल एक अक्षर नाही. तो इतका चांगला होता की लिहावंसं सुचलंच नाही.
नव्या मॉडेलला झाकणच नाही.

चहाटळ
म्हणजे हे सगळं तुम्ही केलंत!

दुसरा_मजला
विनोद बाजूला ठेवा, हे अगदी असंच होतं. तक्रारींची यादी आमच्याकडे दर तिमाहीला यायची, रंगीत तक्त्यांसकट. लोकांच्या लक्षातही न येणाऱ्या गोष्टींची यादी कोण पाठवणार? कानसेन यांचं पत्र कुणीतरी नक्की वाचलं असेल आणि 'झाकण: गंभीर' असं लिहिलं असेल. खटक्याच्या रकान्यात शून्य.

फ्यूज_उडाला
मी अजूनही म्हणतो, सीलबंद बॅटरीत त्यांचा फायदा आहेच.

दुसरा_मजला
आहेच. त्या दिवशी पाचांऐवजी सहा जण बरोबर होते, एवढंच.

स्क्रू_पिळे
कानसेन, झाकण तेवढं राहिलंय ना? मग यंत्र मेलेलं नाही. सध्या काय लावलंय त्याला?

कानसेन
रबर बँड. पण तो नेमका खटक्यावरून जातो.

स्क्रू_पिळे
काढा तो. रबर वितळून चिकटतो आणि फटीत गेला तर खटकाही जाईल. सायकलच्या जुन्या ट्यूबचा बोटभर रुंद पट्टा कापा आणि खटक्याच्या खालच्या बाजूने घाला. हातातून सटकणारही नाही. आणि सेल आत गळलाय का बघा, पांढरी भुकटी दिसली तर थोडं व्हिनेगर कापसाला लावून पुसा, मग कोरडं करा. फोटो टाका.

मेणबत्ती
ट्यूब उरली तर टॉर्चच्या तोंडावर बांधायला मला द्या.

कानसेन
पट्टा बसला. खटका मोकळा आहे. भुकटी थोडी होती, पुसली. आज सकाळी खिशातल्या खिशात वर सरकवून बघितला, चार मिनिटं माझ्याच पायऱ्या उतरण्याचा आवाज आलाय, खरखरीसकट.
कंपनीला दुसरं पत्र लिहायला घेतलंय. यावेळी फक्त खटक्याबद्दल. सावली, हात लावणं आणि दाबणं हे तुमचं वाक्य त्यात घालू का?

सावली
घाला. ओव्हनवाल्यांनाही एक प्रत पाठवा.